प्रकाश वाहून आणणारे आम्ल

ॲसिडम फॉस्फोरिकम डायल्यूटम. हे नाव मी प्रथम ऐकले ते शाळेत नव्हे, वाशीमच्या भाजीबाजारात, मायच्या टोपलीशेजारी उकिडवा बसलेलो असताना. बाजाराच्या तोंडाशी रावसाहेबांचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची खोली, एक हाताने फिरवायचे यंत्र आणि गोटीच्या बाटल्या. पण पाटीवर ‘कारखाना’ लिहिले होते आणि पाटी खोलीपेक्षा रुंद होती. ‘रावसाहेब’ ही पदवी त्या काळी सरकार देत असे. यांना ती सरकारने दिलेली नव्हती. सरकारला वाशीमकडे बघायला सवड होणार नाही हे ओळखून त्यांनी ती स्वतःच घेतली होती, आणि आधी नोकरांना, मग नोकरांच्या बायकांना, शेवटी साऱ्या गावाला ती म्हणायची सवय लावली होती. त्या उन्हाळ्यात त्यांनी मुंबईहून आगगाडीने काचेच्या बुचाच्या मोठमोठ्या बाटल्या मागवल्या. त्यातले थेंब साखरेच्या पाण्यात टाकायचे, वर सोडा सोडायचा, आणि झाले पेय. दुसरा कोणी असता तर त्याने याला सरबत म्हटले असते. रावसाहेबांनी बाटलीवरचे नावच पाटीवर रंगवून घेतले, देवनागरीत, तांबड्या अक्षरांत. त्याखाली: मेंदूस पुष्टी, रक्तास शुद्धी, उपवासास चालते.

संध्याकाळी गिऱ्हाईक जमले की ते स्वतः बाहेर येऊन नावाचा अर्थ सांगत. हा अर्थ त्यांनी आमच्या शाळेच्या सायन्स मास्तरांना दोन बाटल्या सोडा पाजून मिळवला होता. “ॲसिड म्हणजे आम्ल,” ते म्हणत. “फॉस म्हणजे प्रकाश. फोर म्हणजे वाहून आणणारा. प्रकाश वाहून आणणारे आम्ल! ग्रीक लोकांची भाषा आहे. प्यायले की आत उजेड पडतो.” एकदा एका हमालाने विचारले, “आन जी, थे शेवटचं डायल्यूटम म्हंजे?” रावसाहेबांनी पाटीकडे पाहिले. “ते त्याचे आडनाव,” ते म्हणाले. हमालाचे समाधान झाले. मला पुढे कळले की डायल्यूटम म्हणजे पाणी घातलेले. पाण्याचा विषय त्यांनी टाळला यात नवल नव्हते. आमचे आणि त्यांचे वैर पाण्यावरूनच जडले होते.

आमचा मळा गावाला लागून होता. त्यात माझ्या आजोबांनी खणलेली विहीर, आणि तिचे पाणी गोड. वाशीमच्या बऱ्याच विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, डाळ शिजत नाही, चहा फाटल्यासारखा दिसतो. आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ बोटाने दाबली तरी विरघळायची. पहाटे बाबा मोट धरत. बैल उतारावरून जाताना चाकाचा तो लांब कण्हल्यासारखा आवाज, मग चामड्याची भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या त्या दगडी हौदीत, धबाककन रिकामी होण्याचा आवाज, मग पाटातून वाफ्यांकडे पळणारे पाणी. या आवाजांवर मी जागा होत असे. आजही नळाचा आवाज आला की मला जाग येते, पण ती वेगळी. तिच्यात उठावेसे वाटत नाही. चुलीवर ज्वारीच्या भाकरी थापल्या जात, तव्यावर हिरव्या मिरच्या तडतडत, आणि खलबत्त्यात मीठ-लसणाबरोबर त्या कुटताना माय गावातल्या माणसांबद्दल बोलत असे. मिरचीला तिखट करण्याचे काम मिरचीवर सोडायला ती तयार नव्हती.

रावसाहेबांना ती विहीर हवी होती. विकत नको, फक्त पाणी. रोज पहाटे त्यांची गाडी येईल, पिंपे भरून नेईल. बाबांनी सांगितले की पहाटेचे पाणी वाफ्यांचे. दुपारी विहीर भरायला वेळ घेते. संध्याकाळी बैल थकतात. “म्हणजे नाही म्हणता?” रावसाहेबांनी विचारले. बाबा मुखदुर्बळ माणूस. त्यांना ‘नाही’ म्हणता येत नसे आणि ‘हो’ ही. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. घरातून मायने आवाज दिला, “नाईच म्हून राह्यले थे. तुमचा सोडा फसफसते, आमची मेथी फसफसत नाई, तिले पानीच लागते.” रावसाहेब हसले, आपल्या बैलांच्या दमणीत बसले आणि गेले. त्यांचे हसू बघून बाबा म्हणाले की माणूस मनाने वाईट नाही. माय म्हणाली, “मनात गेल्ते काय पाह्यले?”

त्याच वर्षी हिवाळ्यात शेतकी खात्याचे एक साहेब फिरतीवर आले. मराठी माणूस, पण पुण्याकडचा; डोक्यावर हॅट, हातात मातीची पुरचुंडी. शेतीच्या सुधारणेवर त्यांचे इतके प्रेम होते की लोक त्यांना लांबून पाहिले की रस्ता बदलत. त्यांनी तालुकाभर हाडांची भुकटी वाटायला आणली होती. कोणी हात लावेना. बाबांनी दोन पोती घेतली. त्यांना साहेबांचे व्याख्यान कळले म्हणून नव्हे. साहेब उन्हात बोलत उभे होते आणि नको म्हणणे बाबांना जमले नाही. भुकटी फुलकोबीच्या वाफ्यांत गेली. आणि कोबी अशी आली म्हणता! एकेक गड्डा परातीएवढा, दुधासारखा पांढरा. बाजारात लोक हात लावून बघू लागले. कोणीतरी विचारले, काय घातलं बाप्पा? आणि बाबांनी, गावातल्या त्या एकमेव माणसाने ज्याला खोटे बोलायलाही शब्द सापडत नसत, खरे सांगितले.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर उभे राहून रावसाहेब बोलले. बोलण्याची त्यांची पद्धत अशी की आधी डोळे मिटायचे. “ज्या भूमीत हाडे पुरली,” ते म्हणाले, “तिच्यातली भाजी देवाच्या नैवेद्याला चालत नाही. जी नैवेद्याला चालत नाही ती आपल्या ताटाला चालत नाही. मी कोणाचे नाव घेत नाही.” नाव घ्यायची गरजच नव्हती, एवढी मोठी कोबी एकाच टोपलीत होती. आपल्याकडे ‘चालत नाही’ या दोन शब्दांवर अपील नसते. कांदा चालत नाही, वांगे चालत नाही, अमक्या दिवशी डोक्यावरून पाणी चालत नाही. कोणी ठरवले, कधी ठरवले, कोणी विचारत नाही. दुपारपर्यंत आमची कोबी गेली त्या यादीत, संध्याकाळपर्यंत मेथी, पालक, कोथिंबीर सगळे. पोरे मला शाळेत ‘हाडक्या’ म्हणू लागली. चार दिवसांनी रावसाहेबांचा माणूस मळ्यावर आला आणि बांधावरूनच म्हणाला की रावसाहेबांचा सांगावा आहे: भाजी तर आता जात नाही, मग पाण्याचे काय करता? चामड्याच्या मोटेचे, हाडांच्या वाफ्याशेजारचे ते पाणी त्यांच्या सोड्याला मात्र चालत होते.

मायने त्या माणसाला ताक दिले. तो प्यायला. मग ती म्हणाली, “सांगजो त्याईले, पानी मोटंत हाये आन मोट आमच्या हातात हाये.”

बाजारात जागांचा एक रिवाज होता. ओटे वगैरे नव्हते. ज्याची आजी जिथे बसत आली तिथे तो बसे. पण जागा काही दिवस सलग रिकामी राहिली की ती ज्याने अडवली त्याची. म्हणून माय रोज गेली. भरलेली टोपली पुढ्यात, पदर डोक्यावर, आणि तिच्यासमोरून ओळखीच्या बाया मान वळवून जात. शेजारच्या मिरचीवालीने एकदा हळूच म्हटले, “काहून येतं वो तू? पाय दुखवून घ्याले?” माय म्हणाली, “जागा सुटली का मळा सुटला. मळा सुटला का हीर त्या बाटलीवाल्याची. मले पाय हायेत, दुखू दे.” उन्हे कलली की ती टोपली घेऊन परत येई, आणि मग कोबी आम्ही खात असू. बेसन लावून कोबी, वरणात कोबी, ठेच्याशी कोबी, भाकरीच्या पिठात किसून कोबी. बैलांनी आधी आनंदाने खाल्ली, मग तोंड फिरवले. आम्हाला ती सोय नव्हती. माझी सून फुलकोबीचे पराठे छान करते असे सगळे म्हणतात. मी खात नाही. तिला वाटते मला पचत नाही. पचत नाही हे खरेच आहे, पण ते पोटाचे कारण नव्हे.

कोबीचा हंगाम संपला, होळी झाली, वांगी-काकडीचे दिवस आले, तरी लोकांची मान वळलेलीच होती. आणि समोर, तांबड्या अक्षरांखाली, रावसाहेबांच्या ग्लासांची खणखण चालू. मॅट्रिकची पोरे पेपराला जाण्याआधी एकेक ग्लास घेत, मेंदूत उजेड पडावा म्हणून. एकादशीला तर रांग लागे. पाणी ते कुठल्याशा दूरच्या विहिरीवरून आणत आणि दर गाडीमागे आमच्या नावाने बोटे मोडत. मी तिथे बसून त्यांच्याकडे बघत असे. त्या वयात मनात काय चालले होते ते मला स्वच्छ आठवते. मला त्यांनी माफी मागायला नको होती. त्यांचे वाईट व्हायला हवे होते, आणि ते मला बघायला मिळायला हवे होते.

मग एक दिवस सायन्स मास्तर वर्गात तीच बाटली घेऊन आले. रावसाहेबांनी शाळेला भेट दिली होती. मास्तरांनी फळ्यावर नाव लिहिले, अर्थ सांगितला: प्रकाश वाहून आणणारे. फॉस्फरस अंधारात चमकतो म्हणून हे नाव. “पण नाव कितीही तेजस्वी असले,” ते म्हणाले, “तरी पदार्थाचा जन्म विचारावा. फॉस्फरस सापडतो हाडांत. हाडे जाळायची, त्या राखेपासून फॉस्फरस काढायचा, आणि फॉस्फरसपासून हे आम्ल.” हाडे हा शब्द आल्याबरोबर सगळा वर्ग हसत माझ्याकडे वळला. मागून कोणीतरी “हाडक्या” म्हटले. मी मान खाली घातली नाही. मी टेबलावरच्या बाटलीकडे बघत होतो. त्या पोरांनी धडा ऐकला होता आणि त्यांना तो कळला नव्हता. त्यातल्या निम्म्यांच्या पोटात सकाळचा ग्लास होता.

शाळा सुटल्यावर मी पळत मळ्यावर गेलो. माय वांगी तोडत होती. मी सगळे सांगितले, फॉस, फोर, राख, आणि आडनावाचाही खरा अर्थ सांगितला, पाणी घातलेले. ती वांग्याचे देठ खुडत ऐकत होती. मी म्हणालो, आत्ता जातो आणि बाजारात ओरडून सांगतो.

“काय सांगशील?”

“का हे हाडाचं पानी हाये म्हून.”

“आन लोक काय म्हनतील? हाडक्या दुसऱ्याले हाडक्या म्हून राह्यला.” तिने एक वांगे उलटसुलट करून पाहिले आणि पुन्हा झाडावरच राहू दिले, अजून भरायचे होते. “आपल्या तोंडून नाई निंगाले पाह्यजे हे. त्याच्याच मांडवात, त्याच्याच पाव्हन्याच्या तोंडून निंगाले पाह्यजे. कोन हाये असा पाव्हना?”

तिने पुढचे वांगे खुडले. मग माय हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. “हॅटवाला,” ती म्हणाली.

चैत्रात रावसाहेबांनी देवळापुढे मांडव घालून कथेचा सप्ताह बसवला होता. पुराणिकबुवा बाहेरगावचे, गळा गोड. गळ्यासाठी ते रोज कथेआधी रावसाहेबांकडचा एक ग्लास घेत, आणि कथा संपली की सगळ्या मांडवाला ग्लास फुकट. त्यानंतर रावसाहेब उभे राहून नावाचा अर्थ सांगत. बुवांनी मान हलवून सांगितले होते की हे धान्य नव्हे, पान नव्हे, कंद नव्हे, तेव्हा उपवासाला चालते. शेवटचा दिवस एकादशीचा होता. शेतकी साहेब त्या आठवड्यात वाशीमला मुक्कामाला होते. एकादशीच्या दुपारी मी डाकबंगल्यावर गेलो. ते व्हरांड्यात एकटे बसून मातीला भिंगातून बघत होते. बाबांनी कोबी कशी आली ते मी सांगितले. त्यांचे डोळे भरून आले. लोकांनी ती घेतली नाही हे मी सांगितले नाही. एवढेच सांगितले की आमच्या गावात एक गृहस्थ आहेत, ते रोज देवळापुढे शेकडो लोकांना फॉस्फरसचे महत्त्व समजावून सांगतात आणि पाजतातही.

“पाजतात?” साहेब उठून उभे राहिले. “वऱ्हाडात? मला त्यांना भेटायलाच हवे.”

तिथून मी रावसाहेबांच्या कारकुनाकडे गेलो आणि म्हणालो, सरकारी साहेब आलेत, त्यांना फॉस्फरसचे फार कौतुक आहे. पुढचे मला काही करावे लागले नाही. तासाभरात रावसाहेबांची दमणी, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा घालून, डाकबंगल्यापुढे उभी होती. मी दोन्हीकडे एक शब्दही खोटा बोललो नाही. सूड घ्यायचा असेल तर खोटे बोलू नये. त्याने धार जाते.

उन्हे कलता कलता मांडव भरला. साहेबांना बुवांच्या शेजारी खुर्ची, गळ्यात मोगऱ्याचा हार, हातात नारळ. सरकारी माणसाला बसवून त्याच्याकडून ‘दोन शब्द’ काढल्याशिवाय आपला कोणताही समारंभ पुरा होत नाही. आलेला माणूस कोणत्या विषयावर बोलेल याची आधी चौकशी करण्याची मात्र पद्धत नाही. बायकांच्या बाजूला, अगदी मागे खांबाशी, माय बसली होती. तिच्या आजूबाजूला थोडी जागा मोकळी सोडलेली. ग्लास फिरले. तिच्याकडे कोणी आणला नाही. साहेब प्यायले, चाखून “वा” म्हणाले, आणि रावसाहेबांचा चेहरा उजळला. ते उठले, डोळे मिटले, आणि सगळे सांगितले: आम्ल, प्रकाश, वाहून आणणारे, ग्रीक लोक. मग म्हणाले, “आज भाग्य असे की खुद्द सरकारचे शास्त्रज्ञ आपल्यात आहेत. साहेबांनी या फॉस्फरसाची थोरवी आपल्या मुखाने सांगावी.”

साहेब उभे राहिले. इतकी माणसे त्यांनी आपल्यासमोर कधी बसलेली पाहिली नव्हती. एरवी ती पळत. “मी या तालुक्यात निराश होऊन परत जाणार होतो,” ते म्हणाले. “हाडांची भुकटी घ्या म्हणून मी दारोदार फिरलो. कोणी हात लावला नाही. आणि इथे पाहतो तर काय! जे लोक आपल्या शेताला घालायला तयार नाहीत, ते स्वतः पीत आहेत! हे केवळ रावसाहेबांमुळे शक्य झाले. असा सुधारक मी पाहिला नाही.” टाळ्या पडल्या. त्या बऱ्याच वेळ पडल्या, कारण लोक अर्थाकडे लक्ष न देता टाळ्या वाजवतात, आणि मग पुढच्या बाजूपासून एकेक करून थांबत गेल्या.

बुवांच्या हातात ग्लास होता. तो त्यांनी खाली ठेवला. “साहेब,” ते म्हणाले, “म्हणजे हे कशापासून?”

“हाडांपासून!” साहेब आनंदाने म्हणाले. “हाडे जाळून राख करायची, तिच्यातून फॉस्फरस, त्यातून हे आम्ल. रावसाहेबांनी नावाचा अर्थ इतका सुंदर सांगितला, पण हा भाग नम्रपणे गाळला.”

तेवढ्यात मागून, खांबापासून, मायचा आवाज आला. बाजारात भाव सांगायचा तो आवाज, लांब जाणारा. “साहेब, म्हंजे आमच्या कोबीले जे घातलं, थेच हे लोक पिऊन राह्यले का?”

“तेच, बाई, अगदी तेच! फक्त तुमच्या कोबीला ते मातीतून मिळते, यांना सरळ पोटात.” मग चेहरे बघून त्यांना वाटले लोक घाबरले, आणि त्यांनी धीर दिला. “यात किळस करण्यासारखे काही नाही. सुरुवातीला तर फॉस्फरस माणसाच्या मूत्रापासून काढला होता. त्या मानाने हाडे फार स्वच्छ.”

पुढचे मी क्रमाने सांगू शकत नाही, कारण क्रम राहिला नाही. कोणी मांडवाबाहेर पळाले, कोणी घशात बोटे घातली, एका म्हातारीने भरलेला ग्लास रावसाहेबांच्या जोड्यावर ओतला. बुवा देवळाच्या भिंतीशी वाकले होते आणि त्यांचा तो गोड गळा भलतेच सूर काढत होता. “सात दिवस!” ते मधेच म्हणत, “सात दिवस प्यायलो रे!” साहेब हार घातलेले तसेच उभे होते आणि ज्याला त्याला विचारत होते, “काय झाले? मी काही चुकीचे बोललो का?” नाही, साहेब. तुम्ही एकटेच बरोबर बोलला होता. रावसाहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. मला बघायला मिळाले होते.

माझा नातू बाटलीतले काळे, फसफसणारे पाणी पितो. तिच्यावर बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते मी भिंगाने वाचले आहे, तेच आम्ल. आता ते खडकापासून करतात, हाडांचा संबंध नाही. मी आयुष्यभर शाळेत रसायन शिकवले, हा बदल मला माहीत होता, पण माझ्या वर्गात ते आम्ल निवृत्तीच्या दिवसापर्यंत हाडांपासूनच तयार होत राहिले. काही गोष्टींत मी सुधारणेच्या विरुद्ध आहे.

बुवांनी प्रायश्चित्त सांगितले: पंचगव्य, आणि दिवेलागणीच्या आत गोड्या पाण्याने डोक्यावरून स्नान. पंचगव्यातला एक पदार्थ साहेबांनी नुकत्याच सांगितलेल्या गोष्टीच्या फार जवळचा होता, पण ते कोणी बोलले नाही. गोडे पाणी चैत्रात वाशीमला होते कुठे? लोक आधी घुटमळले, मग एकेक करून मळ्याच्या बांधावर येऊन उभे राहिले. बाबांनी बैल जुंपले. माय पुढे झाली. तिच्या शेजारी वांग्या-काकड्यांनी भरलेली टोपली होती, त्या दिवशीही बाजारातून तशीच परत आलेली.

“पानी हाये,” ती म्हणाली. “पन हाडकाच्या वाफ्याजवळचं हाये बापा. चालते का?”

बांधावर सगळे जमिनीकडे बघत होते. मग महिनोन् महिने मान वळवून गेलेली एक देशपांडीण काकू म्हणाली, “चालते गं बाई.”

“आन ही भाजी?”

“तीही चालते.”

मायने कोणाला अडवले नाही, ती कोणाला टाकून बोलली नाही. ती फक्त प्रत्येकीच्या ओल्या हातात वांगी ठेवत होती आणि प्रत्येकीला विचारत होती, चालते का? तिला तो शब्द ऐकायचा होता. तिने तो पोटभर ऐकला. पुरुष आले, पोरे आली, माझ्या वर्गातली आली. तिथे मीही थोडे विचारले.

रावसाहेब सगळ्यांच्या शेवटी आले. दमणी नव्हती. उपरण्याने तोंड पुसत ते बाबांशी बोलायला गेले, पण बाबा बैलांशी बोलत होते. मग ते पंचा नेसून थारोळ्यात, मोट रिती होते त्याच्या बरोबर खाली, बसले. आंघोळ झालेल्या बाया भाजीची गाठोडी घेऊन बांधावर थांबल्या होत्या. कोणालाच घरी जायची घाई नव्हती. चाक कण्हले, बैल उतारावरून गेले, मोट वर आली, काठाशी. “थांबा जी,” माय म्हणाली. बाबांनी बैल रोखले. भरलेली मोट रावसाहेबांच्या डोक्यावर लोंबत राहिली, तिच्यातून एकेक थेंब त्यांच्या टकलावर पडत होता.

“रावसाहेब, थ्या शिशीचं नाव काय म्हन्लं होतं?”

“सदाची माय, पाणी सोडा. दिवे लागायची वेळ झाली.”

“सोडते नं. नाव सांगा पयले.”

त्यांनी बांधाकडे पाहिले. “ॲसिडम फॉस्फोरिकम डायल्यूटम.”

“म्हंजे काय जी?”

“प्रकाश वाहून आणणारे आम्ल.”

“कायचं?”

थेंब पडत होते. रावसाहेबांनी डोळे मिटले, पण या वेळी ते बोलण्यासाठी मिटलेले नव्हते. “हाडाचे,” ते म्हणाले.

“आन माह्या टोपल्यातली भाजी?”

ते काहीतरी पुटपुटले.

“बांधावर बाया हायेत. त्याईले आइकू नाई गेलं.”

“चालते!” रावसाहेब ओरडले. “चालते, चालते!”

माय बाबांकडे वळली. मुखदुर्बळ बाबा त्या दिवशी हसत होते, सगळे दात दाखवून.

“अवो, सोडा आता पानी,” ती म्हणाली. “आडनाव राह्यलं.”